पिनेवरचे पाच फेरे

माझा भाऊ त्या दिवशी घाबरला नव्हता. त्याने योग्य वेळी योग्य हँडल ओढलं होतं. मला हे पहिल्या तासातच कळलं होतं. त्याला कळायला दोन वर्षं लागली, कारण मी सांगितलं नाही.

हे आधीच लिहून टाकते. गोष्टी आत ठेवून द्यायची मला सवय आहे, आणि या वेळी ती मोडायची आहे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो मराठी शाळेत शिकला. माझी वेळ येईपर्यंत बाबांच्या मनाने इंग्रजी घेतलं होतं, म्हणून मी कॉन्व्हेंटमध्ये. शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला की ओरडा, आणि कॉलनीत इंग्रजी गेला की टिंगल. मग मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. मी सातवीत असताना बाबा गेले. आई सरकारी कचेरीत नोकरीला होती, ती दमून यायची. घरात माझ्या इंग्रजीला एकच काम होतं. कुठल्याही वस्तूबरोबर आलेलं माहितीपत्रक माझ्याकडे यायचं. मिक्सरचं, गीझरचं, शिलाई मशीनचं. मी ते वाचून सगळ्यांना सांगायचे, आणि तेवढा वेळ सगळे माझं ऐकायचे.

दोन हजार साल उलटल्यावर दादाला पॅराग्लायडिंगचं वेड लागलं. त्याच्या एका मित्राने कुठूनतरी शिकून येऊन नाशिकमध्ये चार-पाच जणांचा गट जमवला होता. चांदवडच्या बाजूला एक उघडा डोंगर त्यांनी हेरला होता. दादाला उडायचा कापडी पंख मिळाला तो जुना. हार्नेस मात्र चांगला मिळाला, मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी पायलटकडून. हार्नेस म्हणजे पायलटची आकाशातली खुर्ची. या खुर्चीला दोन्ही कुशींना एकेक कप्पा होता आणि प्रत्येक कप्प्यात एकेक रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट. मोठा पंख हवेत मिटला, सावरेना, तर कुशीचं हँडल ओढायचं, कप्प्यातलं गाठोडं बाहेर काढायचं आणि जोरात लांब फेकायचं.

त्याच्याबरोबर इंग्रजीत छापलेली एक जाड पुस्तिका आली. ती अर्थातच माझ्याकडे आली.

आमच्या हॉलमध्ये झोपाळ्याच्या दोन कड्या होत्या. दादाने झोपाळा काढून गच्चीवर टाकला आणि त्या कड्यांना हार्नेस अडकवला. महिनाभर रोज संध्याकाळी तो त्यात बसायचा आणि मी खाली गुडघ्यांवर बसून, एका हातात पुस्तिका आणि दुसऱ्या हातात आईची शिवणाची टेप घेऊन, त्याचे पट्टे जुळवायचे. खांद्याचे पट्टे फार ओढले तर तो पुढे झुकायचा, ढिले सोडले तर आरामखुर्चीत पडल्यासारखा मागे कलंडायचा. छातीच्या पट्ट्याला नेमकं माप होतं. तो फार रुंद ठेवला तर पंखाचा प्रत्येक हेलकावा अंगात शिरतो, फार आवळला तर दोऱ्यांना पीळ पडायची भीती. मांड्यांचे पट्टे सगळ्यांत आधी लावायचे आणि सगळ्यांत शेवटी काढायचे, हा नियम मी त्याच्याकडून घोकून घेतला होता.

आई कचेरीतून आली की चपला काढताकाढता म्हणायची, "एवढ्या मोठ्या घोड्याला पाळण्यात घातलंय. आता अंगाई म्हणू का?"

"म्हण ना," दादा लोंबकळत म्हणायचा. "ही हेडमास्तरीण झोपू देईल तर."

मी त्याला डोळे मिटायला लावायचे आणि अचानक म्हणायचे, "उजवं!" मग त्याचा हात थेट कुशीला जायला हवा. धर, ओढ, फेक. मग "डावं!" रोज दहा-दहा वेळा. सुरुवातीला हात चाचपडायचा. महिन्याभराने तो पाण्याचा ग्लास उचलावा तसा जायला लागला. घरात माझ्या शब्दावर कुणाचा हात हलतोय याचं मला किती सुख होतं, ते मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

रिझर्व्ह नुसतं कप्प्यात ठेवून चालत नाही. दर सहा महिन्यांनी ते उलगडायचं, हवेवर टांगायचं आणि पुन्हा घडी घालायची, नाहीतर कापड दमट होऊन एकमेकाला चिकटतं. त्याला मोठी, स्वच्छ जागा लागते. चातुर्मासात मुहूर्त नसतात, मंगल कार्यालयं रिकामी असतात. मित्राच्या ओळखीने आम्हाला एक हॉल मिळायचा. स्टेजवर वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या आणि खाली फरशीवर पांढरं पॅराशूट. आधी अर्धा तास केर काढायचा, कारण कोपऱ्याकोपऱ्यांत मागच्या लग्नांच्या अक्षता असायच्या आणि तांदळाचा एक दाणासुद्धा घडीत जायला नको. मग मी कापडाची एकेक पाकळी मोजून डावी-उजवीकडे लावायचे, दोऱ्यांची वेटोळी रबरबँडमध्ये अडकवायचे. मी हे पुस्तिकेवरून शिकले आणि मला ते चांगलं यायला लागलं. पुढे गटातले बाकीचेही आपली रिझर्व्ह माझ्याकडे देऊ लागले. ते मला "ताई" म्हणायचे, वयाने मोठे असूनही.

कप्पा बंद करायला एक वाकडी पिन असते. हँडल ओढलं की पिन फासातून निसटते आणि कप्पा उघडतो. ही पिन चुकून सरकलेली आहे का हे चटकन दिसावं म्हणून तिला साध्या शिवणाच्या दोऱ्याचा एक फेरा द्यायचा, असं पुस्तिकेत होतं. एकच फेरा, सुती आणि पातळ, बोटाने तुटेल असा. काळ्या कापडावर ठळक दिसावा म्हणून मी आईच्या शिवणाच्या डब्यातलं लाल रीळ घेतलं. उडण्याआधी कप्प्यावरची झडप उचलायची. पिन आत आहे, लाल दोरा शाबूत आहे, म्हणजे ठीक.

मी दोरा बांधत असताना आई शेजारी भाजी निवडत होती.

"एकच फेरा?" तिने विचारलं.

"पुरतो."

"लाल का गं?"

"दिसावा म्हणून."

मला एवढंच सांगायची सवय होती. तो दोरा तुटण्यासाठीच आहे, हे एक वाक्य मी बोलले नाही. आई दोऱ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. तिला काय वाटलं असेल ते मला आता कळतं. लाल दोरा कशासाठी बांधतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं, त्यासाठी तिला पुस्तिका लागत नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. आईने स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, बाबांची जुनी पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. हॉलमध्ये टांगलेल्या हार्नेसलाही. मी आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होते. घंटी ऐकली. थोड्या वेळाने ती प्रसाद घेऊन आली आणि म्हणाली, "त्याच्या खुर्चीलाही झेंडू बांधलाय. उजव्या हाताला. राहू दे उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी दसरा. पावसाळ्यानंतरचं पहिलं उड्डाण दसऱ्यालाच करायचं, असा दादाचा हट्ट होता. "बाकीचे गावाच्या वेशीबाहेर जाऊन सीमोल्लंघन करतात, मी वरून करतो," असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. निघताना त्याने हँडलजवळचा झेंडू खुडून काढला आणि माझ्या केसांत खोचला. मी तो लगेच काढला. दादा हसला.

आम्ही जीपने आग्रा रोडने गेलो. डोंगराच्या माथ्यावर मी त्याची तपासणी केली, नेहमीसारखी, क्रमाने. मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, पंख अडकवायच्या दोन्ही कड्यांची तोंडं बंद, हेल्मेट. मग उजवी झडप बोटाने उचलली. पिन आत, लाल दोरा शाबूत. डावी झडप. पिन आत, लाल दोरा शाबूत.

"उजवं ठीक. डावं ठीक."

"हेडमास्तरीण पास करतेय का?" मित्राने मागून विचारलं.

"केलं पास," मी म्हटलं.

मग मी जीपने खाली आले, कारण उतरायच्या शेतात वाऱ्याची दिशा दाखवणारं फडकं धरायला कुणीतरी लागायचं. वर दादाचा मित्र आणि बाकीचे होते. दादा अकराच्या सुमारास उडाला. दहा मिनिटं सगळं छान होतं. मग डोंगराच्या कडेला गरम हवेचा झोत लागला असावा. पंखाची उजवी बाजू मिटली आणि तो गिरकी घ्यायला लागला. गिरक्या वाढत गेल्या. मी मोठ्याने ओरडले, "उजवं!" त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण त्याचा हात त्याच क्षणी उजव्या कुशीला गेला. मी तो खालून स्पष्ट बघितला; डोंगरावरच्यांना पंखाआड तो दिसणं शक्य नव्हतं. त्याने ओढलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा ओढलं, सगळं अंग त्या बाजूला टाकून. काही झालं नाही. मग त्याने डावं धरलं. पांढरं गाठोडं बाहेर आलं, लांब गेलं, उघडायला लागलं, आणि तेवढ्यात जमीन आली.

मी धावत पोचले तेव्हा तिथे कांद्याच्या रोपाला पाणी भरणारं एक जोडपं आधीच आलेलं होतं. बाई म्हणाली, "आधी धप्प झालं बघ, मग ती छत्री पुरी उघडली. पोरी, त्याला हालवू नको. माझ्या दिराला असाच उचलला व्हता, नाय उठला तो परत." तिचा नवरा झोपायची बाज आणायला वस्तीकडे पळाला. तीही त्याच्यामागे गेली.

दादा शुद्धीवर होता. आकाशाकडे बघत होता. त्याला पाय जाणवत नव्हते, पण हे त्याने तेव्हा सांगितलं नाही. मी उजवी झडप उचलली.

एक फेरा नव्हता तो. दुहेरी दोरा होता. पिन आणि फास एकत्र आवळून पाच फेरे घातले होते आणि वर आईची ती गाठ, जी ती पिशव्यांच्या तोंडाला मारते, जी दातांनी सोडवावी लागते. गाठीत झेंडूच्या देठाचा तुकडा अडकलेला होता. रीळ माझंच. रंग माझाच. सकाळी मी तोच दोरा बघितला होता आणि ठीक म्हटलं होतं.

हार्नेसच्या खांद्याच्या पट्ट्यावर दोऱ्या कापायची एक लहान सुरी असते. मी ती काढली आणि ते फेरे कापले. दोरा मुठीत घेतला आणि शेजारच्या पाटाच्या पाण्यात सोडला. बाज घेऊन ते दोघे परत येईपर्यंत माझं झालं होतं.

हे मी आईसाठी केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

त्याला बाजेसकट जीपमध्ये घातलं. तोवर डोंगर उतरून आलेला मित्र पुढे बसला, मी मागे दादाजवळ. नाशिकमध्ये शिरताना द्वारकेच्या चौकात आलो तर दसऱ्याची गर्दी, गाडी पुढे सरकेना. सगळीकडे झेंडूचे ढीग. तिथे दादाने डोळे उघडले आणि मला विचारलं, "मी ओढलं ना गं?"

मी म्हटलं, "बोलू नकोस."

कंबरेखालचं सगळं गेलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पाय येणार नाहीत, पण हात आणि खांदे बळकट केले तर पायांना कॅलिपर लावून, कुबड्या घेऊन हा उभा राहू शकेल, चार पावलं टाकू शकेल. सगळं हातांवर आहे.

आई हॉस्पिटलच्या बाकावर बसून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "एवढ्या उंचीवरून पडला हो, आणि वाचला. आदल्या दिवशी मी माझ्या हाताने दोरा बांधला होता त्याच्या खुर्चीला. पाच फेरे." हाताची पाच बोटं उघडून दाखवायची. लोक माना डोलवायचे. मी पाणी आणायला जायचे.

आठवड्याभराने दादाच्या मित्राने हार्नेस तपासला. तो चांगला पायलट होता आणि त्याने जे केलं ते कुणीही जाणत्या माणसाने केलं असतं. हार्नेस आमच्या हॉलमध्ये पुन्हा टांगला, लाल दोरा आपटण्यात तुटला असणार असं म्हणत उजवं हँडल धरलं आणि दोन बोटांनी ओढलं. पिन अलगद सुटली. गाठोडं त्याच्या हातात आलं.

"लोणी आहे लोणी," तो हळू आवाजात म्हणाला. "ताई, तुमच्या पॅकिंगमध्ये काही दोष नाही. त्याने उजवं ओढलंच नाही, डावं फेकलं तेही उशिरा. हात गोठतो, भल्याभल्यांचा गोठतो. त्याला सांगू नका."

पण त्यानेच सांगितलं, महिन्याभराने, मित्र म्हणून. दादाने ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाला, "मला वाटत होतं मी ओढलं. स्वप्नात आपण पळतो आणि पाय हलत नाहीत, तसंच झालं असणार."

तेव्हा सांगता आलं असतं. आई शेजारच्या खोलीत त्याच्यासाठी पेज गाळत होती. मी पेज आणायला उठले.

त्यानंतर त्याने हातांचा व्यायाम सोडला. पलंगावर लोखंडी दांडा बसवून घेतला होता, त्याला धरून स्वतःला वर खेचायचं. तो दांड्यावर टॉवेल वाळत घालायचा. फिजिओथेरपिस्ट यायचे, त्यांना म्हणायचा, "अहो, या हातांनी ऐन वेळेला दगा दिला. आता त्यांच्याकडून काय काम करून घेता?" ते हसायचे, त्यांना तो विनोद वाटायचा. हळूहळू खांदे उतरले, दंड बारीक झाले. जेवण अर्धी पोळी. आई रोज ताट परत आणायची आणि ओट्याशी उभी राहून तेच खायची. दोन वर्षं हे मी बघितलं. त्याला उभं करायला एक वाक्य पुरलं असतं, ते माझ्याजवळ होतं. ते बोलले असते तर आईकडे काय उरलं असतं, असा मी हिशेब मांडायचे, आणि उत्तर आलं की बरं वाटायचं, कारण गप्प बसायला कारण मिळायचं. आईचा दोरा सांगायचा म्हणजे माझी तपासणीही सांगावी लागणार होती, आणि माझी ती सुरीही.

एका दुपारी मित्र आला. त्याने नवीन मुलांना शिकवायला सुरुवात केली होती.

"राग नको मानू," तो दादाला म्हणाला, "पण पहिल्याच दिवशी मी पोरांना तुझं उदाहरण देतो. हँडल हाताशी असून उपयोग नसतो, हात चालला पाहिजे."

"दे की," दादा म्हणाला. "तेवढा तरी उपयोग होऊ दे माझा." आणि तो हसला. ते हसणं मला बघवलं नाही.

मित्र गेला. आई कचेरीत होती. मी दाराशी उभी होते, तिथूनच बोलले.

"दादा, तू ओढलं होतंस. दोनदा. मी खालून बघितलं."

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मी सगळं सांगितलं. रीळ, पूजा, झेंडू, झडप. त्याने मध्ये फक्त एकदा विचारलं, "दुहेरी?"

"दुहेरी. पाच फेरे."

"अगं, त्याला म्हैस बांधली असती तरी सुटली नसती." तो मोठ्याने हसायला लागला. स्वतःचा उजवा हात त्याने वर धरला, उलटासुलटा करून बघितला, मूठ वळली, उघडली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

मग त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तिथेच. शेतात."

"आणि तो दोरा?"

"मी कापला. पाण्यात टाकला."

"म्हणून त्याला हँडल लोणी लागलं."

"हो."

"का कापलास?"

"आईसाठी."

त्याने रिमोट उशीखाली सारला.

"आणि माझ्यासाठी," मी म्हटलं. "तपासणी माझी होती."

"तपासणीचं सोड. माणूस चुकतो. मीही बघायला पाहिजे होतं." त्याने मूठ पुन्हा वळून बघितली. मग म्हणाला, "गाडीत मी तुला विचारलं होतं. द्वारकेला. दुसरं काही नव्हतं विचारलं, तेवढंच विचारलं होतं."

मी दाराला धरून उभी राहिले.

"आईला कळता कामा नये," तो म्हणाला. "तू जा आता."

त्या संध्याकाळी तो दोन पोळ्या जेवला आणि भात मागून घेतला. आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "काय जादू केलीस गं? तू बसत जा त्याच्याजवळ. तुझं ऐकतो तो." तिने माझ्या हातात ताकाचा पेला दिला. मी तो घेऊन खोलीत गेले. दादाने दांड्यावरचा टॉवेल काढून टाकला होता आणि दोन्ही हातांनी स्वतःला वर खेचत होता, दात आवळून, मोजत. सहा. सात.

"ठेव तिथे," तो म्हणाला. "आणि आईला पाठव, मला पाठीला आधार पाहिजे."

"मी देते ना."

"नको. आईला पाठव."

वर्षाच्या आत तो कॅलिपर लावून उभा राहिला. आईने कॉलनीत पेढे वाटले. नंतर कुबड्यांवर गच्चीच्या दारापर्यंत जायला लागला. आई एका बाजूला असते, कधी कधी मित्रही असतो. मी खोलीत गेले की तो माझ्याशी नीट बोलतो. परीक्षा कशी गेली विचारतो, नोकरी लागली तेव्हा अभिनंदन म्हणाला. पाहुण्यांशी बोलतात तसं बोलतो. "हेडमास्तरीण" म्हणत नाही, काही मागत नाही.

आई मधूनच विचारते, तुम्हा दोघांचं काही बिनसलंय का. तो म्हणतो, नाही. मीही म्हणते, नाही.